खातेदाराचे नाव कोण पाहतो?

रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्यापूर्वी त्याला त्याचे नाव विचारावयाचे, मनगटावरील पट्टी वाचावयाची आणि दोन्ही केसपेपरशी ताडून पाहावयाची, ही सवय आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. रक्ताची पिशवी लावताना तर नाव आणि क्रमांक दोन्ही पाहावे लागतात, आणि तेही दोघांनी. वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असू शकतात, म्हणून केवळ नाव पुरत नाही. क्रमांक लिहिताना हात चुकू शकतो, म्हणून केवळ क्रमांकही पुरत नाही. जयारोग्य चिकित्सालयात उमेदवारी करीत असताना वरिष्ठांनी हा धडा आमच्याकडून इतक्या वेळा गिरवून घेतला की तो आजही झोपेत म्हणून दाखविता येईल.

परंतु ज्या दक्षतेने आपण रक्त देतो, त्या दक्षतेने आपण पैसे देतो काय? आणि आपण दक्ष नसलो, तर आपल्या वतीने बँक तरी ते नाव पाहते काय? या प्रश्नाचे उत्तर मला २०१४ साली, संस्थेचा कोषाध्यक्ष असताना, फार अवघड रीतीने मिळाले. ती हकीकत सांगणे मला आजही सोपे वाटत नाही, कारण तीत चूक माझी होती. पण स्मरणिकेच्या पानांवर केवळ आपले सत्कारच असावेत असे नाही. एखादी चूकही इतरांच्या उपयोगी पडावी.

एका चाराची गोष्ट

आपल्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या दवाखान्यात एक कंपाउंडर तीस वर्षे काम करीत होते. लष्करातील निम्मी मराठी कुटुंबे त्यांना नुसते ‘भाऊ’ म्हणून ओळखीत. भाऊ अकस्मात गेले. मुलाला त्याच वर्षी इंदूरला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि शुल्क भरण्याची अंतिम तारीख जवळ आली होती. संस्थेच्या सभासदांनी आठ दिवसांत ५१,००० रुपये जमविले आणि ते वहिनींच्या खात्यात पाठविण्याचे काम माझ्याकडे आले.

वहिनींनी डायरीच्या पानावर स्वच्छ अक्षरात आपले नाव, बँकेची शाखा आणि खाते क्रमांक लिहून दिला होता. अंक अर्थातच देवनागरी. बँकेत एनईएफटीचा अर्ज भरताना मी ते अंक इंग्रजीत उतरविले आणि एका जागी देवनागरी चाराचा इंग्रजी आठ केला. ज्याने दोन्ही लिप्यांत आयुष्य काढले आहे त्याला ही चूक कशी होते हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाव बरोबर होते, शाखा बरोबर होती, शाखेचा संकेतांक बरोबर होता. फक्त एक अंक चुकला होता.

चौथ्या दिवशी वहिनींचा दूरध्वनी आला. “डॉक्टरसाहेब, पैसे अजून जमा झाले नाहीत हो. तुम्ही पाठवायचे राहिलात का?” स्वर अत्यंत संकोचाचा होता. त्या संकोचाने मला जितके लाजविले तितके नंतर कोणाच्या रागानेही लाजविले नाही.

मी बँकेत धावलो. रक्कम गेली होती आणि त्याच शाखेतील दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात रीतसर जमाही झाली होती. मी म्हणालो, “अहो, पण अर्जावर नाव तर बाईंचे आहे. ज्या खात्यात पैसे गेले ते भलत्याच माणसाचे. नाव जुळत नाही हे कोणी पाहिले नाही?” समोरचे अधिकारी सज्जन होते. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर साहब, नाम लिखा जाता है, मिलाया नहीं जाता. पैसा नंबर पर जाता है.”

नाव लिहिले जाते, जुळवून पाहिले जात नाही! साठीकडे झुकलेला, शिकलेला, बँकेत नित्य ये-जा करणारा मी मनुष्य. परंतु ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या दिवसापर्यंत माझी अशी दृढ समजूत होती की, अर्जात नावाचा रकाना आहे त्या अर्थी पलीकडे कोणीतरी ते नाव वाचीत असणार.

पेढीपासून संगणकापर्यंत

ही समजूत मुळातच निराधार होती असे मात्र नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळात पैसा खरोखरच नावावर चाले. ग्वाल्हेरच्या सराफ्यातील पेढ्यांवर ज्या हुंड्या वटत, त्यांचे प्रकारच ‘पैसा कोणाला द्यावयाचा’ यावरून पडलेले होते. नामजोग हुंडी म्हणजे जिच्यात नाव लिहिले आहे त्यालाच देय. शाहजोग हुंडी म्हणजे बाजारातील पत असलेल्या शाहालाच देय. घेणारा खरोखर तसा आहे की नाही याची चौकशी करणे पैसे देणाऱ्या पेढीचे कर्तव्य असे. रकमेतही फेरफार होऊ नये म्हणून हुंडीत रक्कम लिहून तिची निम्मी रक्कम लिहीत आणि ‘तिची दुप्पट’ असे म्हणून पुन्हा पूर्ण रक्कम नमूद करीत. एकाच गोष्टीची दोन अंगांनी पडताळणी करण्याची ही रीत आपल्या रक्तपेढीतील रीतीहून फारशी निराळी नाही.

पुढे पेढ्यांच्या बँका झाल्या. आपल्याच शहरात ‘दुकान पिछाडी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, महाराजांच्या मालकीच्या सावकारी पेढीतून माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली कृष्णराम बलदेव बँक उभी राहिली आणि १९७५ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बँक आली तरी नाव टिकून राहिले. धनादेशावर ज्याचे नाव आणि वर दोन तिरप्या रेघा, त्याच्याच खात्यात रक्कम जमा करावयाची, हा दंडक होता आणि आजही आहे. नावात अक्षर इकडचे तिकडे झाले तर धनादेश परत येई आणि आपण चरफडत असू. लेजरवर बसणारा कारकून खातेदाराला चेहऱ्याने ओळखीत असे; निदान त्याची सही तरी ओळखीत असे.

हे चित्र संगणकाने बदलले. मार्च २००४ मध्ये मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वसामान्यांसाठी एनईएफटी सुरू झाली. आता पैसे पाठविण्याचा आदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मधल्या मार्गात मनुष्याचा हात लागत नाही. संदेशात खाते क्रमांक असतो, शाखेचा अकरा अक्षरांचा आयएफएससी संकेतांक असतो (पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची) आणि नावही असते. क्रमांक अस्तित्वात नसेल तर रक्कम परत फिरते. क्रमांक अस्तित्वात असेल, तर तो कोणाचाही असो, रक्कम जमा होते.

नाव न जुळविण्याचा नियम

ही गोष्ट बँकांच्या निष्काळजीपणाने घडली, असे मला त्या वेळी संतापाने वाटले. नंतर समजले की तसा लेखी नियमच आहे. रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० रोजी परिपत्रक काढून स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल. आदेशात लाभार्थीचे नाव लिहिणे बंधनकारक राहील. परंतु जमा करताना भिस्त क्रमांकावर असेल, आणि अचूक क्रमांक देण्याची जबाबदारी पैसे पाठविणाऱ्याची असेल. ग्राहकांना याची जाणीव करून द्यावी, असेही त्यात म्हटले होते. आपण जो अर्ज न वाचता सही करतो, त्याच्या तळाशी बारीक टाइपात ती जाणीव छापलेली असते.

असा नियम का करावा लागला? कारण आपल्या देशात नावे जुळविणे हे संगणकाला अतिशय कठीण काम आहे, आणि याचा प्रत्यय ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींइतका क्वचितच कोणाला येत असेल. ज्ञानेश्वर हे नाव पुण्यात इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ असे सुरू होते. ग्वाल्हेरच्या हिंदी भाषक लिपिकाच्या हातून तेच ‘जी-वाय’ने सुरू होते. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, वैद्य आणि बैद्य, मधले नाव वडिलांचे की पतीचे, आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरे की पूर्ण नाव! आणि सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या शहराच्या इतिहासातच बसलेले आहे. मराठी मनुष्य ज्यांना शिंदे म्हणतो, त्यांना हिंदी वर्तमानपत्र सिंधिया म्हणते. एकच घराणे, एकच आडनाव. हे आपल्याला कळते. यंत्राला कसे कळावे? अक्षरन् अक्षर जुळल्याखेरीज रक्कम जमा करावयाची नाही असा नियम केला असता, तर निम्म्या देशाचे पगार आणि पेन्शन परत फिरली असती.

तेव्हा गती आणि नाव यांतून व्यवस्थेने गती निवडली. बहुतेकांचे त्यातून भलेच झाले. ज्यांचा अंक चुकला, त्यांना मात्र किंमत मोजावी लागली.

सत्तेचाळीस दिवस

माझ्या बाबतीत ती किंमत सत्तेचाळीस दिवसांची होती. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्या संमतीविना बँक ते काढून घेऊ शकत नाही; त्याचा पत्ताही मला देऊ शकत नाही. बँकेने त्याला पत्र पाठविले. उत्तर आले नाही. दुसरे पाठविले. दरम्यान दोघा सभासदांनी पदरचे पैसे घालून मुलाचे शुल्क भरले, हे मी येथे कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु निधीचा हिशोब माझ्या नावावर अपुरा होता. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी काही बोलले नाही. तथापि ताळेबंदाच्या कागदावर ५१,००० या आकड्यापुढे ‘येणे’ असे लिहिताना माझा हात कापला.

अखेर डबऱ्याकडील एक शेतकरी गहू विकल्यावर पासबुकात नोंद करून घेण्यास शाखेत आला. तोपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. त्याला सांगितले गेले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “हमारा नहीं है, तो हम क्यों रखेंगे?” आणि त्याने तेथेच सही करून दिली.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकीने मिळालेले पैसे परत करणे हे घेणाऱ्याचे बंधनच आहे, आणि जाणूनबुजून ते स्वतःच्या उपयोगात आणणे हा फौजदारी अपराधही ठरू शकतो. परंतु कायदा हाती असणे आणि पैसा हाती येणे यांत कोर्टाची किती वर्षे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे पैसे कायद्याने परत आले नाहीत. एका मनुष्याच्या सचोटीने आले. प्रत्येकाच्या वाट्याला असा मनुष्य येईलच, याची हमी कोण देणार?

आता पडद्यावर नाव दिसते

आज मात्र परिस्थिती बदललेली आहे आणि ती प्रत्येकाने समजून घ्यावी, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली, तेव्हा तिच्यात पैसे पाठविण्यापूर्वी समोरच्याचे नाव पडद्यावर दिसण्याची सोय होती. मोबाइलवरून भाजीवाल्याला वीस रुपये देताना नाव दिसे. पण बँकेतून एनईएफटीने दोन लाख पाठविताना दिसत नसे, अशी विचित्र स्थिती कित्येक वर्षे राहिली. ती दूर करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना आदेश दिला की, १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी व आरटीजीएससाठीही लाभार्थीचे नाव दाखविण्याची सुविधा सुरू करावी. ही यंत्रणा उभारण्याचे काम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे सोपविण्यात आले.

तिचे कार्य सोपे आहे. आपण खाते क्रमांक आणि आयएफएससी संकेतांक भरला की एक चौकशी लाभार्थीच्या बँकेकडे जाते. तिच्या मुख्य संगणकात त्या क्रमांकापुढे जे नाव नोंदविलेले असेल, ते आपल्याला दाखविले जाते. इंटरनेट आणि मोबाइल बँकिंगवर तर ही सोय आहेच. शाखेत जाऊन पैसे पाठविणाऱ्यासही ती उपलब्ध असावी, असे परिपत्रकात म्हटले आहे. आपल्यातील ज्या ज्येष्ठांना मोबाइलची धास्ती वाटते, त्यांनी खिडकीवर निःसंकोच सांगावे, “पैसे सोडण्यापूर्वी नाव दाखवा.” यासाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यावयाचे नाही.

यूपीआयमध्येही एक पळवाट होती. काही वेळा पडद्यावर क्यूआर कोडमध्ये घातलेले किंवा आपणच मोबाइलमध्ये जतन केलेले नाव दिसे. ३० जून २०२५ पर्यंतची मुदत देऊन तेही थांबविण्याचा आदेश निघाला. आता बँकेच्या दप्तरी असलेले नावच दाखवावयाचे आहे.

परदेशांतही हे पाऊल अलीकडचेच आहे. ब्रिटनमधील मोठ्या बँकांनी २०२० साली नाव-पडताळणी सुरू केली. युरोपीय संघातील युरो वापरणाऱ्या देशांत ती ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाली. तेथील रीत थोडी निराळी आहे. पैसे पाठविणाऱ्याने नाव लिहावयाचे आणि यंत्राने उत्तर द्यावयाचे: जुळते, जवळपास जुळते, किंवा जुळत नाही. आपल्याकडे यंत्र निवाडा करीत नाही. ते नाव समोर ठेवते आणि निर्णय आपल्यावर सोपविते. शिंदे आणि सिंधिया एकच, हे ओळखण्याचे काम त्यामुळे यंत्राला करावे लागत नाही. ते आपण करावयाचे. आपल्या देशातील नावांचे वैविध्य पाहता मला ही रीत शहाणपणाची वाटते. परंतु तिचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नाव दाखविणे हे बँकेचे काम. नाव पाहणे हे आपले. आपण न पाहताच पुढचे बटण दाबले, तर २०१४ आणि आज यांत काहीही अंतर उरत नाही.

दोन घटना, दोन धडे

दिसणाऱ्या नावाकडे लक्ष दिल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच प्रांतातील खजुराहोचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेथे कोणी रात्रीतून अनेक दुकानांच्या आणि एका पेट्रोल पंपाच्या क्यूआर कोडवर आपले कोड चिकटविले. ग्राहक पैसे देत होते आणि ते परस्पर चोराच्या खात्यात जात होते. एका औषधांच्या दुकानात ग्राहकाने पैसे देताना सांगितले की, येथे नाव वेगळेच दिसते आहे. त्या एका वाक्याने दुकानाच्या मालकीणबाई सावध झाल्या. तेथे नाव वाचणारा एक मनुष्य निघाला, म्हणून लबाडी ध्यानात आली.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आणि याच्या अगदी उलट आहे. भिंड जिल्ह्यातील आलमपूर हे गाव मराठी मनुष्यास परके नाही. मल्हारराव होळकरांनी १७६६ साली तेथेच देह ठेवला आणि त्यांची छत्री तेथे आहे. याच आलमपूरच्या एका बँक शाखेत घडलेला प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून गाजला. दोन निरनिराळ्या गावांचे दोन खातेदार, दोघांचे नाव एकच. बँकेने दोघांनाही एकच खाते क्रमांक देऊन टाकला. एक जण घाम गाळून पैसे भरत होता, दुसरा काढीत होता. सहा महिन्यांत सुमारे ८९,००० रुपये गेल्यावर हे उघडकीस आले. काढणाऱ्याचे म्हणणे असे की, सरकारच आपल्या खात्यात पैसे घालते आहे असे त्यास वाटले!

खजुराहोत नावाने वाचविले. आलमपुरात नावानेच घात केला. म्हणून आपला वॉर्डातील जुना धडाच खरा: केवळ नाव नव्हे, केवळ क्रमांकही नव्हे, दोन्ही.

नाव काय सांगत नाही

एका भ्रमात मात्र कोणी राहू नये. पडद्यावरचे नाव एवढेच सांगते की, हे खाते या नावावर आहे. तो मनुष्य प्रामाणिक आहे किंवा दूरध्वनीवर बोलणारा तोच आहे, असे ते सांगत नाही. ग्वाल्हेरमधील एका आश्रमाच्या सचिवांना २०२५ साली तथाकथित ‘डिजिटल अटके’च्या भीतीखाली सुमारे अडीच कोटी रुपयांना फसविण्यात आले. अशा गुन्ह्यांत पैसा ज्या खात्यांत जातो ती बहुधा भाड्याने घेतलेली, खऱ्या नावांची खरी खाती असतात. नाव दिसेल आणि तरीही फसवणूक होईल. तथापि तेथेही नाव एक इशारा देऊ शकते. पोलीस, न्यायालय, आयकर खाते किंवा वीज मंडळ कोणा खासगी माणसाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. तसे नाव दिसताच हात आखडता घ्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपल्या दवाखान्यासाठी

वैद्यकीय व्यावसायिकांनी या बदलाची विशेष दखल घ्यावी, असे मला वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्याची पाटी एका नावाची आणि खाते दुसऱ्या नावाचे असते. पूर्वी रुग्णास दवाखान्याचे नाव दिसे. आता बँकेच्या दप्तरातील नाव दिसते, आणि सावध रुग्ण स्वागतकक्षात विचारतो की हे कोण? त्याचा राग मानू नये. तो योग्य तेच करीत आहे. खात्यावरील नाव क्यूआर कोडशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे आणि रोज सकाळी दवाखाना उघडताना त्या कोडवर कोणी दुसरा कागद चिकटविला नाही ना, हे पाहावे.

आपल्या भगिनी डॉक्टरांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, खाते सासरच्या नावाने. आणि आपल्याकडील जुन्या रीतीप्रमाणे लग्नात पहिले नावही बदललेले. जग त्यांना एका नावाने ओळखते आणि पडदा दुसरेच नाव दाखवितो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत पैसे काढताना खात्यात नाममात्र रक्कम पाठवून नाव ताडून पाहण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये अनिवार्य झाली. तेथे नाव जुळले नाही तर स्वतःचेच पैसे अडकतात. पॅन, आधार, बँक आणि नोंदणी या चारही ठिकाणी नाव एकसारखे करून घेण्याचे काम हातपाय चालते आहेत तोवर उरकावे. आपल्या पश्चात कुटुंबीयांवर ते सोपवू नये.

मोठी रक्कम पाठविताना माझा स्वतःचा नेम आता ठरलेला आहे. क्रमांक दोनदा लिहितो. पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचतो. शंका असल्यास आधी एक रुपया पाठवून समोरच्यास विचारतो, आणि मगच उरलेली रक्कम सोडतो. धनादेश ५०,००० रुपयांहून अधिकाचा असेल, तर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘पॉझिटिव्ह पे’ सोयीखाली तारीख, रक्कम आणि ज्याला द्यावयाचा त्याचे नाव आधीच बँकेस कळवितो. या सर्वांस मिळून पाच मिनिटे लागतात.

वहिनींचा मुलगा पुढे अभियंता झाला आणि आता पुण्यात नोकरीस आहे. गेल्या वर्षी त्याने संस्थेच्या साहाय्य निधीस देणगी पाठविण्याची इच्छा प्रकट केली आणि खाते क्रमांक विचारला. मी तो पाठविला. थोड्याच वेळात त्याचा दूरध्वनी आला. “काका, येथे संस्थेचे नाव दिसते आहे, पण इंग्रजीत एक अक्षर कमी आहे. आपलेच ना?”

मी म्हणालो, “आपलेच आहे, बाळ. विचारलेस हे फार उत्तम केलेस.”